साडेसहा फुटांवरचं बटण

बायकोची वेणी एक तारखेला कापली जाणार ही बातमी सेफ्टीसाहेबांना सकाळच्या चहाबरोबर मिळाली, आणि चहा त्यांच्या शर्टावर सांडला. एकतीस वर्षं कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून काढलेल्या, ‘गरम द्रव नेताना घ्यावयाची काळजी’ या विषयावर चार फलक स्वतःच्या अक्षरात रंगवलेल्या माणसाच्या हातून चहा सांडला, यावरून बातमीचं वजन ध्यानात यावं.

“कापणार म्हणजे?”

“म्हणजे कात्रीने,” बायको म्हणाली. “खांद्यापर्यंत. हात वर जात नाही, तर वेणी घालायची कशी? पार्लरवालीला सांगून ठेवलंय. एक तारीख, अकरा वाजता.”

उजवा खांदा सात महिन्यांपासून धरला होता. डावा मागल्या वर्षी धरला होता, तो सुटला तो अर्धाच. हे साहेबांना ठाऊक होतं, म्हणजे शेजारच्या गावात पाऊस पडल्याचं ठाऊक असतं तसं. पण वेणी? ती वेणी कमरेखाली जायची. सकाळच्या पाळीला निघताना कोपऱ्यावरून मागे वळून पाहिलं, की खिडकीत पाठमोरी बायको दिसायची आणि तिच्या बोटांतून उतरत जाणारे तीन पदर दिसायचे. एक इकडून, एक तिकडून, एक मधून. मग साहेब सायकलची घंटा एकदा वाजवायचे आणि निघायचे. एकतीस वर्षांत त्यांनी बायकोला दिलेली ही सर्वांत उघड दाद होती.

‘कापू नकोस’ हे एवढंसं वाक्य त्यांच्या जिभेपर्यंत आलं. पण बाहेर पडायला हेल्मेट नाही, हातमोजे नाहीत, हे पाहून ते तिथूनच परत फिरलं. त्याऐवजी साहेब म्हणाले, “उपाययोजना केली पाहिजे. सव्वीस दिवस आहेत.”

उपाययोजना त्यांना डॉक्टरीणबाईंच्या बाकावर बसल्या बसल्या एका मासिकात सापडली. निअर-इन्फ्रारेड सॉना. नाव भारदस्त, प्रकार साधा: लाकडी फळीवर चार लाल दिवे, पुढे जाळी, भोवती जाड कापडाचा तंबू, आत एक स्टूल. हवा तापवून माणूस उकडायचा नाही, दिव्यांची धग थेट अंगावर घ्यायची. चित्रातली बाई त्या लाल उजेडात अशी निवांत बसली होती, की तिच्या घरात कुणाला कधी काही दुखलंच नसावं.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर सारला. “शेकाने बरं वाटेल, स्नायू सैल होतील. पण खांदा सोडवतो तो व्यायाम, काका, दिवे नव्हेत. शेक झाला की भिंतीवर बोटं चढवायची, रोज. आधी पाच मिनिटं, सोसलं तर हळूहळू दहा. आधी पाणी, नंतर पाणी. दिव्यांपासून हातभर लांब. डोळे मिटून, दिव्यांकडे टक लावून बघायचं नाही. अंगाला तेल-मलम नको, अंगठी-साखळी नको. पाण्याचा थेंब दिव्यावर उडता कामा नये, काच फुटते. गरगरलं की उठून बाहेर. आणि एकटीने बसायचं नाही, हाकेच्या अंतरावर कुणीतरी हवं.”

साहेब भराभर लिहून घेत होते.

“आणि तुम्ही रक्तदाबाची गोळी घेता ना? मग मला विचारल्याशिवाय तुम्ही आत बसायचं नाही.”

हे शेवटचं वाक्य तेवढं साहेबांनी लिहिलं नाही. सुरक्षा अधिकाऱ्याला सूचना द्यायची सवय असते. घ्यायची वेळ आली की त्याची पेन्सिल आपोआप थांबते.

दुसऱ्या दिवशी वायरमन आला. हा माणूस कमी बोलायचा आणि मान जास्त हलवायचा.

“चार दिवे, अडीचशे-अडीचशेचे. हजार वॅट. इस्त्रीएवढं काम आहे, साहेब. आहे त्या सॉकेटवर चालेल.”

“चालेल आणि चालवावं यात फरक आहे,” साहेब म्हणाले. “मीटरपासून स्वतंत्र वायर. गळती झाली तर आपोआप पडणारा ब्रेकर. होल्डर चिनी मातीचे, प्लास्टिकचे वितळतात.”

वायरमनने मान हलवली. हे सगळं बरोबर होतं, आणि बरोबर बोलणारं गिऱ्हाईक त्याला क्वचितच मिळायचं. “मेन बटण कुठे? चार फुटांवर लावतो.”

“साडेसहा.”

“साडेसहा?”

“लहान मुलांच्या हाताला लागता कामा नये.”

वायरमनने घरभर नजर फिरवली. एक म्हातारं कपाट, एक मासिकांची चळत, दोन चष्मे. “घरात मुलं आहेत?”

“नियम मुलं बघून करायचा नसतो,” साहेब म्हणाले.

वायरमनने स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी साडेसहा फुटांकडे पाहिलं. त्या मुळात पाच फूट. काहीतरी बोलावं असं त्यांच्या ओठांवर आलं. पण एकतीस वर्षांच्या अनुभवाने त्या आत गेल्या आणि भांडी जराशा जोरात ठेवू लागल्या.

आता इमारतीची परवानगी. साहेबांनी चौदा पानी अर्ज केला: ‘घरगुती शेकगृह, संभाव्य धोके व प्रतिबंधक उपाय’, सोबत तीन आकृत्या. तळमजल्यावरच्या सचिवांनी चौदा पानं बाजूला ठेवली आणि इमारतीचा छापील नमुना पुढे ओढला. त्यात चौकोन तीनच होते: बांधकाम, व्यवसाय, पाळीव प्राणी.

“भिंत पाडणार?”

“नाही.”

“लोकांना शेक विकणार?”

“छे!”

“दिवे कसले म्हणालात?”

“उष्णतेचे. लाल.”

“कोंबडीच्या पिल्लांना लावतात तसले?”

“जातीने तेच, पण—”

“मग झालं तर,” म्हणून सचिवांनी तिसऱ्या चौकोनात खूण केली. “आता प्रत्यक्ष पाहणी.”

साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. कारखान्यात त्यांच्या सहीशिवाय क्रेनचा हुक हलत नव्हता. आणि आज एक गृहस्थ, जे जिन्यातली वाळूची बादली चपला ठेवायला वापरत, ते त्यांच्या बैठकीत उभे राहून तंबूत डोकावत होते.

“आत किती असतील?”

“एक,” साहेब दातावर दात ठेवून म्हणाले. “माझी पत्नी.”

सचिवांनी लिहिलं: प्राण्यांची संख्या, एक. “वय?”

“वय लिहायचं नाही,” स्वयंपाकघरातून आवाज आला.

परवानगी मिळायला नऊ दिवस गेले. तेवढ्यात तो नमुना सूचनाफलकावर लागल्यामुळे इमारतभर झालं, की दुसऱ्या मजल्यावर पिल्लं पाळतायत. एक बाई ताज्या अंड्यांची चौकशी करून गेल्या. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनी पहाटेच्या आरवण्याविरुद्ध आगाऊ तक्रार नोंदवली, आणि पुढे दोन दिवस आपल्याला ते ऐकू आल्याचंही सांगितलं.

साहेब डगमगले नाहीत. त्यांनी नियमावली लिहायला घेतली. नियम चार: संकटसमयी प्रथम वीज तोडावी, मग माणूस काढावा. नियम सात: शिट्टीचे संकेत, एक म्हणजे पाणी, दोन म्हणजे वेळ संपली, तीन म्हणजे वीज तोडा. नियम नऊ: मोकळे केस असता कामा नयेत, केस घट्ट बांधून डोक्यावर बसवावेत. नियमांच्या शेवटी तपासयादी, एक्केचाळीस मुद्द्यांची.

“तुमची वही भरेपर्यंत माझा खांदा पेन्शनीत निघेल,” बायको म्हणाली. “चोवीस तारीख झाली आज.”

“चाचणी झाल्याशिवाय कोणतंही यंत्र माणसाच्या अंगावर सोडायचं नाही. आधी मी बसणार.”

“डॉक्टरीणबाईंनी तुम्हाला—”

“ते वहीत नाही,” साहेब म्हणाले, आणि ते खरं होतं.

चाचणी ठरली दुपारी चारला. साहेब अर्ध्या विजारीत, डोळ्यांवर वेल्डिंगचा गॉगल, गळ्यात कारखान्याची शिट्टी. बायको बाहेर, घड्याळ आणि निरीक्षणपत्रक घेऊन. साहेबांनी तपासयादीवर एकामागून एक खुणा केल्या. ‘पेलाभर पाणी प्यायलं का?’ हा एक्केचाळिसावा मुद्दा होता. अडतिसाव्याला चार वाजले, आणि साहेब वेळेचे पक्के. ते आत शिरले, धग बाहेर जाऊ नये म्हणून तंबूचं तोंड आतून तीन चिमट्यांनी बंद केलं, आणि हुकूम सोडला, “चालू!”

बायकोने कपडे वाळत घालायची काठी आणली, टोकाने बटण खाली ढकललं आणि काठी जागेवर ठेवून आली. हे साहेबांना आतून दिसलं नाही.

काय सांगावं, ऊब छान होती. थंडीच्या दिवसांत तापल्या भिंतीला पाठ लावून बसावं तशी. पाठीचे मणके एकेक करून बोलायचे थांबले. साहेबांच्या मनात आलं, ती बसेल इथे, तिचा खांदा असाच सैल होईल, एक इकडून, एक तिकडून... पाच मिनिटं झाली.

“अहो, पाच झाली. निघा.”

“तापमानाची नोंद राहिलीये. दोन मिनिटं.”

ती दोन मिनिटं गोळीने आणि कोरड्या घशाने मिळून वसूल केली. साहेब उठायला गेले आणि तंबू त्यांच्याभोवती गोल फिरला. ते मटकन स्टुलावर बसले. गॉगलवर वाफ धरली होती, चिमटे हाताला लागेनात. साहेबांनी नियम सात आठवला आणि शिट्टी फुंकली. आकड्यांचा गोंधळ होऊन ती पाचदा फुंकली गेली. पाचाचा अर्थ पत्रकात नव्हता, पण बायकोला लागला.

“बाहेर या आधी!”

“नियम चार!” आतून क्षीण आवाज आला. “आधी बटण!”

ती बटणाखाली धावली. उजवा हात छातीशी येऊन अडला. डावा कानापर्यंत गेला आणि तिथून पुढे सूतभरही सरकेना. तिने टाचा उचलल्या, ओठ चावला.

“पोचत नाही!”

“पोचत नाही म्हणजे? साडेसहा तर आहे!”

“स्टूल द्या मग! स्टुलावर तुम्हीच बसलायत!”

ती काठी आणायला धावली. पहिला फटका भिंतीवरच्या घड्याळाला बसला, दुसरा बटणाला. दिवे मालवले. त्याच क्षणी साहेबांनी काही करून बाहेर पडायचा निर्धार केला आणि ते तंबूसकट बाहेर पडले.

शिट्ट्या ऐकून सचिव वाळूची बादली घेऊन वर आले होते, चपला ओतून टाकून. समोरची शेजारीण हातातली घडी घातलेली साडी तशीच घेऊन दारात आली होती. दोघांच्या देखत जाड कापडाचं एक गाठोडं बैठकभर चाचपडत फिरलं, कपाटाला धडकलं, आणि त्याच्या वरच्या टोकातून गॉगल घातलेलं, घामाने थबथबलेलं डोकं निघालं.

सचिव म्हणाले, “बाहेर आलं पिल्लू.”

बायको हसली नाही. तिने साहेबांना जमिनीवर आडवं केलं, पाय उशीवर ठेवले, ओल्या फडक्याने कपाळ टिपलं आणि घोट घोट पाणी पाजलं. सचिव गेले. डॉक्टरीणबाईंना फोन झाला. त्या फोनवरून जेवढा वेळ रागावल्या, तेवढा वेळ तर शेकही झाला नव्हता. सगळं निवल्यावर साहेब छताकडे बघत म्हणाले, “पोचत नाही म्हणजे किती पोचत नाही?”

“आता कशाला ते?”

“मोजायचंय.”

साहेब हळूहळू उठले. टेप आणली. बायको भिंतीला लागून उभी राहिली आणि तिने हात उचलले. वर जाताना तिच्या कपाळावर बारीक आठी उठली, ती तिने लगेच पुसली. उजवा, चार फूट. डावा, चार फूट आठ इंच. साहेबांनी पेन्सिलीने दोन रेघा ओढल्या आणि त्या रेघांकडे बघत राहिले.

“मग इतके महिने वेणी कोण घालत होतं?”

बायको टेप गुंडाळू लागली. शेवटी शेजारीणच म्हणाली, “अहो भावजी, मी. ताई रोज सकाळी कंगवा घेऊन येतात की माझ्याकडे. आता महिनाअखेरीला मी चालले लेकीकडे, सहा महिने. म्हणून तर कापतायत. ताई, सांगितलं नाहीत?”

“मला वाटायचं,” साहेब म्हणाले, “तुम्ही गप्पा मारायला भेटता.”

“त्याही मारतो,” बायको म्हणाली. “तुमच्याच.”

शेजारीण गेली, तसे साहेब घरातून फिरू लागले. कारखान्यात पाहणीला फिरत तसेच, हात मागे बांधून. मिठाची बरणी वरच्या फळीवर असायची, ती ओट्यावर होती. साखरेचा डबा तिच्या शेजारी. कपड्यांची दोरी एक खिळा सोडून खालच्या खिळ्याला. आरसा खाली. कॅलेंडर खाली. रिकाम्या वरच्या खिळ्यांभोवती भिंतीचा रंग गडद राहिला होता. सात महिन्यांत सगळं घर वीतभर खाली उतरलं होतं, आवाज न करता, एकेक वस्तू करत. आणि ज्या माणसाने कारखान्यातला सैल बोल्ट पन्नास पावलांवरून हेरला, तो त्याच घरात रोज मीठ मागून घेत होता.

“मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं, तर तुम्ही मला हेल्मेट घालून बसवलं असतं.”

हेल्मेटाचा विचार त्यांच्या मनात येऊनही गेला होता.

दुसऱ्या दिवशी वायरमन परत आला. “आता किती फुटांवर?”

“तीन फूट दहा इंच.”

“आणि मुलं?”

“घरात मुलं नाहीत,” साहेब म्हणाले. वायरमनने मान हलवली, या खेपेला वरून खाली, सावकाश.

चिमटे काढले, तिथे नुसता पडदा आला, हाताने ढकलला की बाजूला. पाण्याचा मुद्दा एक्केचाळिसाव्यावरून पहिला झाला. आणि वहीच्या पहिल्या पानावर, डॉक्टरीणबाईंच्या सूचनांखाली, राहून गेलेलं शेवटचं वाक्य साहेबांनी शाईने लिहिलं.

वायरमनने भिंत खोदली ती बुजवण्यात आणि सुकण्यात आणखी पाच दिवस गेले. महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी सगळं तयार झालं. शेजारीण त्याच सकाळी गाडीत बसली होती, निघण्याच्या गडबडीत वेणी राहून गेली होती. बायको तंबूपुढे आली ती केस मोकळे सोडून. पाठभर केस, मधूनमधून चांदी.

“नियम नऊ,” साहेबांच्या तोंडून निघालं.

“वाचलाय. कोण बांधणार?”

साहेबांनी केसांकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे. या हातांनी शेकडो कामगारांना क्रेनचे दोर वळायला शिकवलं होतं. तीन पदरी दोर, पदरावर पदर, ओढ सारखी, कुठे ढील नाही.

“बस,” ते म्हणाले. “ओढ लागली तर सांग.”

एक इकडून, एक तिकडून, एक मधून. खिडकीतून पाहिलेलं काम हातात आल्यावर निराळंच निघालं. दोर मुकाट असतो. केस ऊबदार होते, निसटत होते, आणि त्यांना साबणाचा वास होता. शेवटी त्यांनी टोकाला दोऱ्याचे सात वेढे देऊन गाठ बसवली आणि सवयीप्रमाणे भारचाचणीसाठी एक हिसका दिला.

“अहो! डोकं आहे ते, क्रेन नाही!”

“तीन टन उचलेल,” साहेब समाधानाने म्हणाले. वेणी डावीकडे झुकली होती आणि काठीसारखी ताठ होती. तिला डोक्यावर वळवून बसवायला सहा काटे आणि दोघांचे तीन हात लागले.

मग बायको पेलाभर पाणी प्यायली, आणि अंगठी काढून त्यांच्या तळहातावर ठेवून आत जाऊन बसली. जाताना बटण तिनेच दाबलं. पडद्याच्या फटीतून लाल उजेडाची पट्टी साहेबांच्या पायांवर पडली. ते बाहेर खुर्ची घेऊन बसले, एक डोळा घड्याळावर. घड्याळाची काच गेली होती, काटे चालू होते.

“कसं वाटतंय?”

“बरं वाटतंय. उन्हात बसल्यासारखं.” थोड्या वेळाने ती म्हणाली, “उद्या अकरा वाजता...”

“हं.”

घड्याळ चालत राहिलं. साहेबांनी घसा खाकरला. मग ते वाक्य आलं, डोक्यावर काही नाही, हातात काही नाही, तसंच उघडं. “कापू नकोस.”

“किती मिनिटं झाली?”

“चार.”

“मग एक मिनिट थांबा. विचार करते.”

त्या एका मिनिटाइतकं लांब मिनिट साहेबांनी कुठल्याच पाळीत काढलं नव्हतं. पाच पुरी झाल्यावर बटण आतून हात बाहेर काढून तिनेच बंद केलं. ती बाहेर आली, चेहरा गुलाबी, कपाळावर घामाचे मोती. पाणी प्यायली आणि म्हणाली, “फोन द्या इकडे. पार्लरवालीला कळवायला हवं. ही गाठ तिच्याच्याने सुटायची नाही.”

पुढे रोज तसंच चाललं. आधी वेणी, मग शेक, मग भिंतीवर बोटं चढवायची आणि पोचतील तिथे साहेबांनी रेघ ओढायची. रेघा मुंगीच्या पावलांनी वर निघाल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे व्यायामाचं काम. साहेब म्हणाले, दिव्यांचंही असेल. सचिव येता-जाता विचारायचे, “काय साहेब, पंख फुटले का?” आता साहेबांचे कान लाल होत नसत. उजव्या हाताच्या रेघा कानापाशी आल्या, डोकं ओलांडून गेल्या, आणि वेणीही हळूहळू मधोमध पडायला लागली.

सहाव्या महिन्यात एकदा दुपारी साहेब बैठकीत मासिक वाचत होते. म्हणजे डोळ्यांपुढे मासिक होतं. त्याच्या कडेवरून त्यांना स्वयंपाकघर दिसत होतं. बायकोने साखरेचा डबा उजव्या हातात घेतला, एकदा बैठकीकडे पाहिलं, आणि हात सरळ वर नेऊन तो वरच्या फळीवर ठेवला. आठी नाही, टाच उचलली नाही. क्षणभर थांबली. मग तोच डबा परत खाली घेऊन होता तिथे ओट्यावर ठेवला, फडक्याला हात पुसले, आणि कंगवा घेऊन साहेबांपुढे येऊन पाठमोरी बसली.

“आवरा लवकर. केस बांधल्याशिवाय दिवे लावता येत नाहीत, नियम आहे.”

“आहे खरा,” साहेब म्हणाले, आणि तीन पदर हातात घेतले.

संध्याकाळी त्यांनी वही उघडली, तारीख घातली. उभ्या नोकरीत न लिहिलेला एक धडधडीत खोटा अहवाल त्यांनी त्या दिवशी लिहिला: ‘खांदा, पूर्ववत आखडलेला. उपचार चालू ठेवावेत.’ आणि खाली पूर्ण नावाने सही केली.